भिंतीपलीकडचा वाटा

श्रीवर्धनचे नाव निघाले की महाराष्ट्राला दोनच गोष्टी आठवतात. एक पेशवे, दुसरी सुपारी. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती आणि त्याच घरातले बाळाजी विश्वनाथ १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले, हे शाळकरी पोरही सांगेल. श्रीवर्धनी रोठा सुपारीची कीर्ती तर अडकित्त्याबरोबर घरोघर पोहोचली आहे. पण अहमदनगरच्या आणि मग विजापूरच्या अमलात हे नावाजलेले बंदर होते, युरोपीय प्रवाशांच्या जुन्या नोंदींत ते 'झिफरदान' या नावाने भेटते, आणि पुढे १९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत इथे सिद्दींचा अंमल होता, हा मधला पट मात्र सहसा गुंडाळूनच ठेवला जातो.

तो पट उलगडून नवाबांचे गोडवे गावेत, असा आमचा हेतू नाही. इतिहास म्हटला की आम्ही मुसलमानही तख्त आणि तलवार शोधू लागतो, आणि पाखाडीतला दिवा कोणी लावला, विहिरीचा गाळ कोणाच्या पैशाने उपसला, गटार कोणत्या घरापर्यंत येऊन थांबले, हे विचारायचे राहून जाते. गावाच्या सामाईक पैशाचा वाटा कोणाला, किती आणि कोणत्या हिशेबाने मिळाला, हाही इतिहासच आहे. या लेखात आम्ही तेवढाच पाहणार आहोत.

जंजिरा संस्थानात मुरूड आणि श्रीवर्धन या दोन गावांना नगरपालिका लाभल्या. ब्रिटिश मुलखात लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक स्वराज्याचे वारे वाहू लागले होते. संस्थानी मुलखात मात्र अखेरचा शब्द दरबारचा. विलीनीकरणानंतर श्रीवर्धन कुलाबा जिल्ह्यात आले, १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम लागू झाला आणि लोकसंख्येच्या मानाने श्रीवर्धन 'क' वर्गात बसले. चाळीस हजारांपर्यंत लोकवस्तीची गावे या वर्गात येतात. श्रीवर्धनची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास. एवढ्या लहान गावात पेशव्यांच्या आठवणी जपणारी ब्राह्मण आळी आहे, जीवना बंदराचा कोळीवाडा आहे, बागायतदारांच्या वाड्या आहेत, बौद्ध वस्ती आहे आणि आमचे मोहल्ले आहेत. सर्वांची मागणी एकाच पेटीकडे. पेटी लहान.

या पेटीत पैसा येतो कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. एके काळी नगरपालिकेचा जीव जकातीवर होता. नाक्यावर वसूल झालेला पैसा गावाचा, आणि तो कुठे खर्चायचा हे गावचे सभासद ठरवीत. भांडणे होत, पण ती समोरासमोर होत. १९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या बदली सरकारी अनुदान आले. घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढीच काय ती हक्काची मिळकत उरली. छोट्या गावात ती वाढवायला कोणी धजत नाही, कारण पुढच्या निवडणुकीत दारोदार जायचे असते. मग पगार, वीजबिल आणि पाणी योजनेची देखभाल भागवता भागवता स्वतःचा पैसा संपतो. गटार, रस्ता, दिवा, संरक्षक भिंत, समाजमंदिर, ही सगळी कामे बाहेरून आलेल्या पैशावर अवलंबून राहतात. बाहेरून येणारा पैसा मोकळा येत नाही. तो लेखाशीर्ष घेऊन येतो.

लेखाशीर्ष म्हणजे पाकिटावर लिहिलेले नाव. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना हे एक पाकीट, नागरी दलितेतर वस्ती सुधार हे दुसरे, पर्यटन विकासाचे तिसरे, नगरोत्थानाचे चौथे, आमदार-खासदार निधीचे पाचवे. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१ ते २०२६ या काळासाठी छोट्या शहरांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बांधून दिली, त्यातली निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पाण्यासाठी. पर्यटनाच्या पाकिटातून किनाऱ्यावर पदपथ आणि सुशोभीकरण होते, ते त्याच पाकिटातून मोहल्ल्यातल्या गटारावर वळवता येत नाही. किनारा चकचकीत आणि मागची गल्ली तुंबलेली, हे चित्र दिसले की लोक नगरसेवकावर चिडतात. दोष पुष्कळदा अलिबागला किंवा मुंबईला पाकिटावर नाव लिहिणाऱ्याचा असतो. पण नगरसेवकही अगदी सुटत नाही. मागणी कोणत्या पाकिटातून करायची, हे त्यालाच ठाऊक असायला हवे.

सामाईक पैशाच्या वाटपावर महाराष्ट्रात पहिला मूलभूत प्रश्न विचारला तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव १८८० च्या सुमारास आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकटे जोतीराव विरोधात उभे राहिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईच्या भव्य इमारतीवर मोठी रक्कम घालण्यालाही त्यांचा विरोध होता. मंडई झाली, १८८६ मध्ये ती रे मार्केट या नावाने उघडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला जोतीरावांचेच नाव देण्यात आले. ज्यांनी खर्चाला विरोध केला त्यांचे नाव इमारतीला लागले आणि त्यांचा प्रश्न दप्तरात राहिला. पैसा कोणी भरला आणि फायदा कोणाला, हा तो प्रश्न.

त्याच प्रश्नाचे दुसरे टोक आमच्याच कुलाबा जिल्ह्यात, श्रीवर्धनहून फार दूर नसलेल्या महाडला उघडे पडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्याचा गाभा असा की, सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असले पाहिजेत. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला तसा ठराव केला, पण तळे बंदच राहिले. १९२६ साली बोल्यांनी पुढचा ठराव आणला: जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचे सरकारी अनुदान थांबवा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. स्पृश्यांनी सांगितलेली अनादि काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही.

फत्तेखानांची जागा आम्ही मुसलमान अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण महाडचा धडा तेवढ्यावर संपत नाही. जो पैसा सर्वांचा, त्यातून झालेली सोय सर्वांची, आणि ती कोणाची खैरात नव्हे, हे तिथे ठरले. बोल्यांनी हक्काला थेट अनुदानाशी बांधले. ही दोन सूत्रे आमच्या मोहल्ल्यांनी अजून पुरती आत्मसात केलेली नाहीत.

कसे, ते सांगतो. कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही मोहल्ल्यात निवडणुकीच्या आधी जमातीच्या लेटरहेडवर जे निवेदन तयार होते, त्यात पहिली मागणी बहुधा ठरलेली असते. कब्रस्तानाला संरक्षक भिंत. भिंत झाली असेल तर तिला फाटक. फाटक झाले असेल तर आत शेड आणि दिवे. मागणी खोटी नाही. कोकणचा पाऊस जांभ्याचा गडगा दोन-तीन हंगामांत खिळखिळा करतो, गुरे आत शिरतात, हद्दीवरून वाद होतात, आणि आपल्या माणसांची माती सुरक्षित असावी असे कोणाला वाटणार नाही? भिंत मंजूर होते, नारळ फुटतो, फलक लागतो. मग पाच वर्षे मोहल्ल्याला सांगितले जाते: तुमचे काम झाले की!

या वाक्यापाशी आम्हाला थांबावेसे वाटते. १९६५ च्या अधिनियमाने नगरपालिकेच्या कामांचे दोन गट पाडले आहेत: आवश्यक कर्तव्ये आणि ऐच्छिक कामे. रस्त्यावरचे दिवे, स्वच्छता, गटारे आणि पाणी ही आवश्यक कर्तव्ये. त्याच यादीत मृतांच्या अंत्यविधीच्या जागा मिळवणे आणि राखणे हेही आहे. म्हणजे स्मशानभूमी आणि दफनभूमी या दोन्ही कायद्याने नगरपालिकेच्या कर्तव्यात येतात. त्यात ना हिंदूंवर मेहेरबानी, ना मुसलमानांवर. तरीही कोळीवाड्यात गटार झाले की ते गावाचे काम ठरते, आणि कब्रस्तानाला भिंत झाली की तो 'मुसलमानांचा वाटा' ठरतो. एकदा तो वाटा म्हणून खात्यावर मांडला गेला की मोहल्ल्याचे गटार पुढच्या यादीत जाते. सर्वांच्या मृतांसाठी जे कर्तव्य आहे, ते आमच्या जिवंत माणसांच्या हिश्श्यातून वजा होते. आणि ही वजाबाकी आमच्याच निवेदनातून सुरू होते.

असे का होते? देणाऱ्याला भिंत सोयीची असते. ती लांबून दिसते, तिच्यावर नाव लिहिता येते, आणि तिच्यामुळे दुसऱ्या वस्तीच्या नळाचे पाणी कमी होत नाही. गटाराला उतार लागतो, उतार दुसऱ्याच्या वाडीतून जातो, मग मोजणी येते, तंटा येतो. नळाची वाढीव जोडणी मागितली की टाकीची क्षमता निघते. मागणाऱ्यालाही भिंत सोपी वाटते. त्यावर मोहल्ल्यात दोन मते पडत नाहीत. गटारावर पडतात.

आमच्या भागापुरते आणखी एक कारण आहे आणि ते उच्चारताना जीभ अडखळते. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली. मुंबईत त्यांनी काय केले ते जगाला ठाऊक आहे. त्या खटल्यात काही कस्टम्स आणि पोलीस अधिकारीही दोषी ठरले, पण संशयाचा डाग चिकटला तो किनाऱ्यावरच्या सगळ्या मोहल्ल्यांना. त्यानंतर आमच्या बऱ्याच वडीलधाऱ्यांचा कचेरीतला आवाज खाली आला. हक्क म्हणून मागणे उद्धटपणाचे वाटू लागले, धर्माच्या नावाने एक भिंत मागणे निरुपद्रवी वाटू लागले. संशयाने माणसाची मागणीदेखील आक्रसते.

पैशाच्या वाटपात दुसरी एक गोष्ट असते, ती भिंतीपेक्षाही नजरेआड राहणारी. मोजायचे कशाने? सच्चर समिती २००५ मध्ये नेमली गेली, २००६ च्या नोव्हेंबरात तिचा अहवाल आला, आणि मुस्लिम वस्त्यांतल्या शाळा, रस्ते, दवाखाने यांची तूट सरकारी आकड्यांनीच सिद्ध झाली. मग २००८-०९ पासून अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला. देशातले नव्वद जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातले चार: परभणी, बुलढाणा, वाशिम आणि हिंगोली. रायगड त्यात नव्हता, रत्नागिरीही नव्हता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात गावेच्या गावे मुस्लिम वस्तीची आहेत, पण जिल्हा हे माप धरले की पनवेलपासून पोलादपूरपर्यंतच्या लोकसंख्येत ती विरघळून जातात. पुढे बाराव्या योजनेत तालुके आणि शहरे हे माप आले, म्हणजे माप चुकले होते हे सरकारलाही मान्य झाले. राज्यातही २००८ साली अल्पसंख्याक विकास विभाग स्थापन झाला आणि अल्पसंख्याकबहुल नागरी वस्त्यांच्या पायाभूत सोयींसाठी वेगळे पाकीट तयार झाले. त्यातून पिण्याचे पाणी, रस्ते, दिवे, सांडपाण्याची सोय मागता येते. आमच्याकडून त्यातूनही पुन्हा भिंतच मागितली जाते!

माप बदलले की वाटा बदलतो, हे श्रीवर्धनला एका वादळाने शिकवले. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपारी-नारळाच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. ऐकायला रक्कम मोठी. पण श्रीवर्धनची वाडी हेक्टरात मोजायची चीज नाही. ती गुंठ्यांत असते, भावाभावांत वाटलेली असते, आणि तेवढ्याशा जागेत सुपारी दाटीने उभी असते. हेक्टराने मोजले की बागायतदाराच्या हाती किरकोळ रक्कम पडे. ओरड झाली, आणि त्याच वर्षी पुढे झाडागणिक मदतीचा निर्णय झाला: सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाच्या झाडाला २५० रुपये. ही रक्कमही पुरेशी नव्हतीच, फळ धरायला सुपारीला वर्षे लागतात. पण माप हेक्टरावरून झाडावर आले ते बागायतदारांनी एकजुटीने हेच एक मागितले म्हणून. त्या ओरडीत ब्राह्मण, माळी, भंडारी, मुसलमान सगळेच होते, कारण वाऱ्याने जात विचारली नव्हती.

माणूस हेच माप धरल्याचे उदाहरणही याच मातीतले. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅ. ए. आर. अंतुले श्रीवर्धन मतदारसंघातून विधानसभेत गेले आणि १९८० साली मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीबद्दल बरे-वाईट पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच वर्षी सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने जात, धर्म, वस्ती न विचारता निराधार माणूस मोजला, आणि म्हणून ती मोहल्ल्यातल्या विधवेपर्यंत जशी पोहोचली तशीच कोळणीपर्यंतही पोहोचली.

मग श्रीवर्धनसारख्या गावात वाटप व्हावे कसे? केरळने १९९६ मध्ये योजनेच्या पैशातला एकतृतीयांशाहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि लोकांना सभांत बसवून कामे ठरवली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्त्यावस्त्यांतून अंदाजपत्रक घडवले, आणि ज्या वस्तीत सोयींची तूट जास्त तिला झुकते माप दिले. पुण्यानेही २००६ पासून नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात केली. आपल्या राज्याच्या पालिका कायद्यांत २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. या सर्वांतून आमच्या कामाचे सूत्र एकच आहे: आधी तूट मोजा, मग पैसा वाटा. कोणत्या गल्लीत नळाला किती वेळ पाणी येते, कोणत्या पाखाडीला दिवा नाही, कोणत्या घरांचे सांडपाणी उघड्यावर जाते, याची सर्व वस्त्यांची एक यादी आधी सभेपुढे यावी. त्या यादीत मोहल्ला वर असेल तर वर, कोळीवाडा वर असेल तर कोळीवाडा. आमचा नंबर तिसरा लागला तर आम्ही तो मान्य करू, कारण तो मोजून लागलेला असेल.

मध्यंतरी हे बोलायलाही जागा नव्हती. श्रीवर्धनसह राज्यातल्या नगरपालिकांच्या मुदती संपल्या, आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, आणि कित्येक वर्षे प्रशासकांनीच अंदाजपत्रके मंजूर केली. सभाच नसेल तर ठराव कोणी मांडायचा आणि हरकत कोणी घ्यायची? २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले आणि सभागृहात माणसे परत आली. नगराध्यक्ष पुन्हा थेट लोकांतून निवडला गेला.

अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीच्या सुमारास होते. तिच्या आधी आमच्या जमातींनी निवेदन लिहावे, त्यावर मोहल्ल्याच्या सह्या घ्याव्यात आणि शेजारच्या वस्तीच्याही घ्याव्यात, कारण गटाराचा उतार दोघांच्या अंगणातून जातो. बायकांना विचारून लिहावे, कारण पाण्याची वेळ त्यांना पाठ असते आणि जमातीच्या बैठकीत त्या नसतात. प्रत्येक मागणीपुढे पाकिटाचे नाव लिहावे. कब्रस्तानाचे कामही जरूर लिहावे, पण ते आवश्यक कर्तव्यांच्या सदरात, स्मशानभूमीच्या शेजारी. आमच्या वाट्याच्या सदरात पहिले नाव गटाराचे असावे आणि दुसरे नळाचे. भिंतीच्या आत जे आहेत त्यांचा हिशेब अल्लाहपाशी आहे. बाहेर जे आहेत त्यांचा हिशेब नगरपालिकेने द्यायचा आहे, आणि तो आम्हीच मागायचा आहे.